मटारच्या सुरकुतीतला गोडवा

ओला तो मटार, वाळका तो वाटाणा, असं आपण सहज म्हणतो. पण पुलावातला मटार वाळला म्हणजे रगड्यातला वाटाणा होतो, असं नाही. बियाण्याच्या दुकानात अर्केल जातीच्या मटारचं बी बघा. मनुकेसारखं चुरमडलेलं असतं. रगड्याचा वाटाणा मात्र गोटीसारखा गुळगुळीत.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं ब्रनोच्या मठात हाच फरक मोजला होता. ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. त्यानं वाटाण्यात तपासलेल्या सात गुणांपैकी उरलेल्या तीन गुणांची जनुकंही २०२५ मध्ये हाती लागली आणि तो पुन्हा बातम्यांत आला. मला मात्र जास्त मोह आहे तो सुरकुतीच्या कोड्याचा. ते १९९० मध्ये इंग्लंडातल्या नॉरिचला मदन भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी सोडवलं. साखरेपासून स्टार्च बनताना त्याला फांद्या फोडणारं एक विकर लागतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्याच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला असतो. विकर बनत नाही, स्टार्च कमी पडतो, साखर शिल्लक राहते. साखर पाणी ओढते, दाणा टम्म फुगतो. वेलीवर वाळताना ते पाणी जातं आणि सैल पडलेल्या सालीला चुण्या पडतात. म्हणजे आपल्याला आवडणारा गोडवा आणि ती सुरकुती एकाच बिघाडातून आलेली!

हा गोड दाणा बागाईतदारांच्या हाती देणाऱ्यांत थॉमस अँड्र्यू नाइट हे नाव अग्रभागी हवं. हेरफर्डशायरच्या या जमीनदारानं १७८७ मध्ये, मेंडेलच्या ६९ वर्षं आधी, वाटाण्याचे संकर सुरू केले. झटपट येणारं पीक, नाना जाती, आणि परका पराग सहसा आत शिरू न देणारं फूल, ही वाटाणा निवडण्याची त्याची कारणं पुढे मेंडेललाही पटावीत अशीच होती. पांढऱ्या दाण्याच्या जातीला राखाडीचा पराग दिला, तर संतती राखाडीच्या वळणावर जाते, हे त्यानं १७९९ मध्ये छापूनही टाकलं. दाणे मोजायचे मात्र राहिले, आणि आनुवंशिकतेच्या धड्यात त्याचं नाव आलं नाही. त्यानं तयार केलेले सुरकुतलेल्या बियांचे गोड ‘मॅरो’ वाटाणे मात्र बागांमध्ये पसरले.

यंदा थंडीत कुंडीत अर्केलचे चार दाणे टोचा. शेंगा ओल्याच खा, पण एक वेलीवरच कडक वाळू द्या. ती फोडली की मेंडेलची सुरकुती तळहातावर येईल. नाइटची चव तोवर जिभेवर येऊन गेलेली असेल.