न दिसणारी दोरी

अकोल्याकडे ज्वारी हुरड्यावर आली की राखणदार गोफण फिरवतात. दगड जितका जोरात फिरतो, तितकी दोरी हाताला ओढ देते. दोरी सुटली की दगड दूर उडतो.

आकाशात दोरी नसते. तेथे गुरुत्वाकर्षण असते. ड्रॅको ही आपल्या आकाशगंगेजवळची लहान, म्हणजे बटू दीर्घिका. १९८३ साली मार्क ॲरनसन यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून तिच्यातील तीन ताऱ्यांचे वेग मोजले. ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. तीनच ताऱ्यांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचेच होते! पुढे शेकडो तारे मोजले, तरी उत्तर तेच आले. दिसणाऱ्या ताऱ्यांचे आकर्षण इतके कमी, की ही दीर्घिका केव्हाच विखुरली असती. तिला धरून ठेवणाऱ्या अदृश्य पदार्थाला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचे बनले आहे, हे अजून कोणालाही ठाऊक नाही.

काही बटू दीर्घिकांत वायूही असतो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीने जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी त्या वायूचा वेग मोजला. हबल दुर्बिणीने तर ड्रॅकोच्या ताऱ्यांचे सरकणे १८ वर्षे टिपले. त्यावरून २०२४ साली दिसून आले, की तेथील कृष्णद्रव्य मध्यभागी दाटलेले आहे.