पंधरा कोटी किलोमीटर आणि शेवटचे सत्तर फूट

सूर्य नवी मुंबईतल्या दिघ्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. तिथून निघालेला प्रकाश 8 मिनिटं 20 सेकंदांत ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरतो. वाटेत त्याला ना तार लागते, ना खांब, ना कुणाची परवानगी. पण सात मजली इमारतीच्या गच्चीवर पोचल्यावर तळमजल्यावरच्या पंख्यापर्यंतचे उरलेले सत्तर फूट कापायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. घरच्या सौरविजेचा, ऊर्जेतल्या स्वावलंबनाचा सगळा वाद या सत्तर फुटांत अडकलेला आहे. तो समजून घ्यायचा तर आधी वर आकाशात काय चाललंय त्याचे आकडे पाहायला हवेत.

एका सेकंदाची कमाई

सूर्य दर सेकंदाला आपल्यातलं सुमारे 42 लाख टन द्रव्य ऊर्जेत बदलतो. ही भट्टी साडेचारशे कोटी वर्षांहून अधिक काळ पेटलेली आहे आणि जवळजवळ तितकाच काळ आणखी पेटती राहणार आहे. एका सेकंदात तिच्यातून जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी साऱ्या जगाला आजच्या वापराने सहा लाख वर्षं पुरेल.

त्या ऊर्जेपैकी पृथ्वीच्या वाट्याला येतो दोनशे कोटींतला एक भाग, त्याहूनही थोडा कमीच. तरी तो भाग 1,73,000 टेरावॅट भरतो. कोळसा, तेल, वायू, वीज असं सगळं धरून माणूस वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतो, तेवढी पृथ्वीवर साधारण तासाभरात येऊन पडते.

आता हा हिशेब दिघ्यात आणू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे 1,000 वॅट ऊन पडतं. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर 1,000 मेगावॅट. महाराष्ट्राची शान असलेल्या कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. भर दुपारी दोन चौरस किलोमीटरवर अख्ख्या कोयनेएवढं ऊन पसरलेलं असतं, आणि आपण त्याला उकाडा म्हणून वैतागतो.

सगळं ऊन विजेत बदलत नाही. आजची चांगली पॅनेलं त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त पकडतात. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट दाखवला, तेव्हा हे प्रमाण अवघं 6 टक्के होतं. किमतीतली घसरण तर याहून थक्क करणारी आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात एका वॅटच्या पॅनेलची किंमत, आजच्या पैशांत मोजली तर, शंभर डॉलरच्या घरात होती. आज ती डॉलरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. पन्नास वर्षांत कोणतीही वस्तू पाचशे पटीने स्वस्त झाल्याची उदाहरणं इतिहासात फार थोडी सापडतील.

घरासाठी लक्षात ठेवायचे आकडे तीनच. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आपल्याकडे त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. वर्षाला ती साधारण 1,400 युनिट होते. पावसाळ्यात, विशेषतः जुलैत, ही सरासरी निम्म्यावर येते, आणि औद्योगिक पट्ट्यातली धूळ पॅनेलवरून धुतली नाही तर उन्हाळ्यातही खाली उतरते.

752 किलोमीटरची दुसरी वाट

सध्या दिघ्यात येणारी वीज एका दीर्घ प्रवासातून येते. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. तिथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची, 1,500 मेगावॅट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे. पडघ्याहून 400 केव्हीच्या तारा कळवा उपकेंद्रात येतात. साऱ्या राज्याच्या विजेचा तोल क्षणाक्षणाला सांभाळणारं राज्य भारप्रेषण केंद्रही दिघ्याच्या शेजारी ऐरोलीत, त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे.

कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे आपल्याकडे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. महिन्याला 150 युनिट वापरणाऱ्या घरासाठी ही सगळी वीज कोळशातून यायची तर दरमहा शंभर किलोहून जास्त कोळसा जाळावा लागेल. तो घरात येत नाही, म्हणून दिसत नाही. चंद्रपूरकरांना मात्र त्याची राख रोज दिसते.

या वाटेचा दुबळेपणा 12 ऑक्टोबर 2020 ला कळला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांमधल्या बिघाडापाठोपाठ मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारात गेला. दोन हजार मेगावॅटहून अधिक भार तुटला, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि कोविडच्या काळात रुग्णालयांना जनरेटरवर विसंबावं लागलं.

त्या सकाळी ऊन होतंच. तरीही ज्यांच्या गच्चीवर पॅनेलं होती त्यांच्यापैकी बहुतेकांची वीजही गेली. घरगुती सौरसंच साधारणपणे ग्रिडशी जोडलेले असतात. ग्रिड बंद पडलं की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून पॅनेल बसवलं की आपण वीज कंपनीपासून मोकळे झालो, हा समज चुकीचा आहे. ग्रिड गेल्यावरही दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी आणि तिला साजेसा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याने खर्च बराच वाढतो.

वाद कशाचा आहे

तीन किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे 12 युनिट बनवतो, पण दुपारी. घरातली माणसं तेव्हा कामावर असतात. पंखे, टीव्ही, एसी यांची वेळ संध्याकाळची. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय म्हणजे फुकटची बॅटरी.

वीज कंपनीची तक्रार अशी की दुपारी सगळीकडेच सौरवीज मुबलक असते आणि संध्याकाळी तीच वीज महाग पडते. शिवाय तारा, रोहित्रं, कर्मचारी यांचा खर्च तसाच राहतो. गच्ची असलेल्याचं बिल शून्यावर आलं तर तो भार गच्ची नसलेल्यावर जातो. 2025 च्या वीजदर सुनावणीत सौरतासांची वीज त्याच तासांत वजा करण्याचा मुद्दा आला, तेव्हा राज्यभरातून जोरदार विरोध झाला.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पण ज्याने केंद्र सरकारच्या आवाहनावर विश्वास ठेवून, कर्ज काढून संच बसवला, त्याच्यासाठी नियम मध्येच बदलणं अन्यायाचं ठरेल. आणि गच्ची नसलेल्यावर भार पडतो, ही चिंता खरी असेल तर तिचं उत्तर गच्चीवाल्याची सवलत काढण्यात नाही. गच्ची नसलेल्यालाही सौरविजेचा वाटा देणं, हे तिचं उत्तर आहे. दिघ्यात हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो.

छप्पर कुणाचं?

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. 102 वीजग्राहक, एकूण 112 किलोवॅट. घरामागे साधारण एक किलोवॅट. तिथे हे शक्य झालं, कारण प्रत्येक घराला स्वतःचं छप्पर आहे.

दिघ्यात घर एकाचं असतं आणि छप्पर अनेकांचं, किंवा कागदोपत्री कुणाचंच नाही. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या 99 बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. एमआयडीसी, सिडको आणि सरकारी जमिनींवर उभ्या असलेल्या त्या इमारतींत हजारो कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती. ज्याच्या इमारतीवरच टांगती तलवार आहे, तो पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल कोणत्या भरवशावर बसवणार? डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांतले पत्रे तर पॅनेलचा भार पेलतील की नाही, इथूनच सुरुवात आहे.

कायदेशीर इमारतीचाही हिशेब करून पाहू. सात मजले, दर मजल्यावर सहा, म्हणजे 42 घरं. गच्चीवर टाकी, जिना आणि सावली सोडून 2,000 चौरस फूट जागा मिळाली तर 20 किलोवॅट बसतात. महिन्याला सुमारे 2,400 युनिट. प्रत्येक घर 150 युनिट वापरत असेल तर गरज 6,300 युनिटची. म्हणजे दर घराला स्वतंत्र करण्याइतकी गच्ची नाही, पण लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचं सामाईक बिल उतरवायला ती बहुतेक वेळा पुरेशी आहे.

खरी संपत्ती रस्त्यापलीकडे आहे. दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेली ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहत सुमारे अडीच हजार हेक्टरची आहे. तिच्या फक्त दहाव्या हिश्शावर, कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर, पॅनेलं बसली असं धरा. 25 लाख चौरस मीटर, म्हणजे 250 मेगावॅट. वर्षाला 35 कोटी युनिट. महिन्याला 150 युनिटच्या हिशेबाने ही जवळजवळ 1 लाख 94 हजार घरांची वीज झाली. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात कारखाने ती दुपारी स्वतःच वापरतील. तरी तेवढी वीज पडघ्याहून आणावी लागणार नाही.

अशा छपरांवरची वीज गच्ची नसलेल्यांच्या बिलापर्यंत पोचवायची तर आभासी नेट मीटरिंग हवं. पॅनेल एका ठिकाणी आणि वजावट अनेकांच्या बिलात, अशी ही पद्धत आहे. दिल्लीत तिची तरतूद 2019 पासून आहे. भाड्याच्या खोलीतल्या, झोपडपट्टीतल्या, गच्ची नसलेल्या ग्राहकाला सौरविजेत वाटा देण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

आज हातात काय आहे

फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा आकडा 75,021 कोटी रुपयांचा आहे आणि लक्ष्य एक कोटी घरांचं. घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये. वरच्या 20 किलोवॅटच्या गच्चीला 3 लाख 60 हजार. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक पडताळणीची अटही 2024 पासून काढली आहे. राज्याच्या स्मार्ट योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राच्या 30,000 वर आणखी 17,500 रुपये मिळतात. पन्नास हजारांचा एक किलोवॅटचा संच त्यामुळे अडीच हजारांत पडतो.

मोठ्या आकड्यांनी हुरळून मात्र जाऊ नये. 2022 पर्यंत देशात 40 गिगावॅट छतावरची सौरवीज करायचं ठरलं होतं. ते वर्ष संपलं तेव्हा त्याचा पाव हिस्साही झाला नव्हता. पैसा होता, ऊन होतं, अडलं ते कागद, परवानगी आणि सामाईक निर्णयापाशी.

ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठीही एक आकडा आहे. 75 वॅटचे चार जुने पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 108 युनिट जातात. 30 वॅटच्या बीएलडीसी पंख्यांना 43 लागतात. वाचलेली 65 युनिट म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलची महिन्याची कमाई, तीही एक फूट छप्पर न वापरता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दिघ्यासारख्या दाटीच्या वस्तीत एकेकट्या घराचं ऊर्जास्वातंत्र्य शक्य नाही, पण इमारतीचं, वस्तीचं, औद्योगिक पट्ट्याचं मिळून स्वावलंबन नक्की शक्य आहे. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर गच्चीवरच्या सौरसंचाचा ठराव घाला. गेल्या बारा महिन्यांची सामाईक वीजबिलं आणि गच्चीचं मोजमाप सोबत न्या. आणि त्याच सभेत आभासी नेट मीटरिंगची मागणी करणारं पत्र वीज नियामक आयोगाला पाठवण्याचाही ठराव करा.