बातमीचें मोल कोण देणार ?

विद्यार्थिमित्रहो, 2025 सालच्या जानेवारी महिन्यांत आपल्याच जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत जी विलक्षण घटना घडली ती तुम्हांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि खेड्यांतील माणसांचे केस एकाएकीं गळूं लागले आणि थोड्याच दिवसांत कित्येकांस टक्कल पडलें. पीडितांची संख्या दोनशेंच्या वर गेली. त्या दिवसांत मोबाइलवरून ज्या वार्ता फिरल्या त्यांस सुमार नव्हता. कोणी शांपूस दोष दिला, कोणी पाण्यास, तर कोणी हा स्पर्शजन्य रोग आहे असें छातीठोकपणें सांगितलें. वार्ता सांगणाऱ्यांपैकीं किती जणांनीं बोंडगांवचा रस्ता पाहिला होता, हा प्रश्नच आहे.

खरी माहिती मात्र घरबसल्या मिळाली नाहीं. डॉक्टर गांवोगांव गेले. पाण्याचे, रक्ताचे व धान्याचे नमुने घेतले गेले. शास्त्रज्ञांचें पथक आलें. आणि पुढें डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं स्वतः तपासणी करून, रेशनच्या गव्हांतील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखविलें. हें सारें तुम्हां-आम्हांस कळलें, कारण कोणी वार्ताहर मोटारभाडें खर्चून त्या खेड्यांत गेला, दारोदार विचारपूस करून आला, आणि अधिकाऱ्यांस प्रश्न विचारण्यासाठीं त्यांच्या कचेरीबाहेर ताटकळत बसला. ती वार्ता आपण फुकट वाचली. परंतु ती फुकट तयार झाली नव्हती. मग तिचें मोल कोणीं दिलें, आणि पुढें कोण देणार, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

इंटरनेटवरील बातमीसाठीं लोक पैसे देतील काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील रॉयटर्स इन्स्टिट्यूट ही संस्था दरवर्षीं अनेक देशांतील वाचकांची पाहणी करीत असते. तिच्या 2025 सालच्या अहवालाप्रमाणें, वीस बहुतांशीं संपन्न देशांत मिळून शेंकडा 18 लोकांनीं वर्षभरांत अशा बातमीसाठीं कांहीं ना कांहीं पैसे दिले होते. नॉर्वे देशांत हें प्रमाण शेंकडा 42 होतें. म्हणजे ज्यांच्या घरीं कशाची वाण नाहीं अशा देशांतहि पांचांपैकीं चार जण फुकटच वाचतात. मग आपल्याकडील वाचक हात आंखडता घेतो यांत नवल तें कोणतें ?

पण ही संवय इंटरनेटनें लावली असें समजूं नये. तिचें मूळ फार जुनें आहे. 1833 सालीं न्यूयॉर्क येथें बेंजामिन डे नांवाच्या मुद्रकानें 'सन' हें पत्र अवघ्या एका सेंटास विकावयास काढलें. त्या वेळीं इतर पत्रांची किंमत सहा सेंट असे. तोटा कसा भरून निघे ? तर जाहिरातींनीं. वाचक जितके अधिक, तितका जाहिरातीचा दर अधिक. पुढें हीच रीत सर्वत्र रूढ झाली. आज सकाळीं आपल्या दारांत पडणाऱ्या अंकाचा कागद, शाई, छपाई, वाहतूक व विक्रेत्याचें कमिशन यांचा हिशेब केला, तर आपण देतों त्या चार-सहा रुपयांत तो सहसा बसत नाहीं. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. म्हणजे आपण खरी किंमत कधींच दिली नव्हती. आणि इंटरनेट आल्यावर जाहिरातींचा मोठा ओघ गूगल व फेसबुक यांच्याकडे वळला, तेव्हां तें झांकलेलें खिंडार उघडें पडलें.

2020 सालच्या साथीच्या काळांत याचा प्रत्यय आला. टाळेबंदींत अनेक ठिकाणीं घरोघरीं वृत्तपत्रें वाटणें बंद पडलें, तेव्हां अख्खे अंकच्या अंक व्हॉट्सॲपवरून फुकट फिरूं लागले. वाचकांस सोय झाली. परंतु एकदां अशी सोय अंगवळणीं पडली म्हणजे पैसे देण्याचा हात पुन्हां सैल होणें कठीण.

तर मग वऱ्हाडचा माणूस बातमीसाठीं पैसे देतच नाहीं, असें म्हणावें काय ? इतिहास तसें सांगत नाहीं. अमेरिकेंत 1861 ते 1865 पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस इंग्लंडास जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. पुढें 1870 सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा झाला व खामगांवची बाजारपेठ भरभराटीस आली. लिव्हरपूलच्या बाजारांतील चढउतार तारायंत्रानें खामगांवास कळूं लागले. तारेस पैसे पडत, आणि तरीहि व्यापारी ते देत. कारण भाव एक दिवस आधीं कळणें म्हणजे पदरांत नफा पडणें. ज्या शेतकऱ्यास ही वार्ता मिळत नसे तो अडाणी म्हणून नव्हे, तर अंधारांत राहिल्यामुळें नाडला जाई. यावरून एक नियम दिसतो: ज्या बातमीचा उपयोग स्वतःस रोकडा दिसतो तिला माणूस मोल देतो. जी बातमी सर्वांच्या हिताची, तिचें मोल मात्र प्रत्येक जण शेजाऱ्यावर ढकलतो.

मराठी पत्रांच्या इतिहासांत या दुसऱ्या गोष्टीचे दाखले पानोपानीं आहेत. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' 1832 सालीं निघालें आणि 1840 सालीं बंद पडलें. कृष्णराव भालेकरांनीं 1877 सालीं पुण्यास काढलेलें 'दीनबंधु' पैशाच्या अडचणींत सांपडलें, तेव्हां 1880 सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेऊन जगविलें. डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' 1920 सालीं निघालें. त्यास शाहू महाराजांचें द्रव्यसाह्य असूनहि तें फार वर्षें टिकलें नाहीं. 1927 सालीं सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे कित्येक अंक त्यांनीं जवळजवळ एकहातीं लिहून काढले. त्या पत्राचें ऋण हें लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनीं 1928 सालीं अग्रलेखाच्या मथळ्यांतच आपल्या वाचकांस केला. आणि 1929 सालीं तें पत्र बंद पडलें. ज्यांच्यासाठीं तें होतें त्यांचे खिसे रिकामे होते, आणि ज्यांचे खिसे भरलेले होते त्यांना तें नको होतें.

उलट दाखलाहि आहे. मुकुंदराव पाटील यांनीं 1910 सालीं 'दीनमित्र' हातीं घेतलें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून तें 1967 सालापर्यंत चालविलें. खेड्यांत पत्र चालत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं ही सत्तावन्न वर्षें ध्यानांत ठेवावीं.

येथें एक घरची गोष्ट सांगतों. माझ्या लहानपणीं चिखली तालुक्यांतील आमच्या गांवीं सकाळच्या एस. टी. नें वृत्तपत्राचा एकच अंक येई. तो किराणा दुकानदाराचा. दुकानापुढील फळीवर बसून वीस-पंचवीस माणसें तो वाचीत किंवा ऐकत, आणि महिन्याचें बिल मात्र एकटा दुकानदार भरी. एके वर्षीं कंटाळून त्यानें अंक बंद केला. पहिल्या दिवशीं कोणी कांहीं बोललें नाहीं. चौथ्या दिवशीं कापसाच्या भावावरून फळीवर कडाक्याचें भांडण झालें, कारण खरा भाव कोणासच ठाऊक नव्हता. आठवडा लोटल्यावर माझ्या वडिलांनीं आणखी चौघांस बरोबर घेऊन वर्गणी काढली, आणि अंक पुन्हां आला. वाचणारे तेच वीस-पंचवीस राहिले. परंतु पांच घरांनीं भार उचलला एवढ्यानें काम भागलें.

पालकांस हें सांगण्याचें कारण असें. आपण दरमहा मोबाइलचा रिचार्ज न कुरकुरतां भरतों. तें गाडीभाडें झालें. त्या गाडींतून येणाऱ्या धान्याचे पैसे आपण देत नाहीं, आणि मग धान्य किडकें निघालें म्हणून रडतों. किडक्या धान्यानें काय होतें तें 1 जुलै 2018 रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची खोटी वार्ता मोबाइलवरून पसरली होती. जमावानें भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पांच निरपराध माणसांस ठार मारलें. त्या वार्तेस कोणीं एक पैसाहि दिला नव्हता. तिचें मोल त्या पांच कुटुंबांनीं दिलें.

बातमीचा खर्च वाचकानें दिला नाहीं तर जाहिरातदार देईल, तोहि न दिल्यास कोणी पुढारी किंवा धनिक देईल; कोणी तरी देणारच. परंतु 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण छापखान्यासहि लागू आहे. विहिरीचें पाणी दूषित आहे ही बातमी, विहीर ज्याच्या ताब्यांत आहे त्याच्या पैशावर चालणारें पत्र छापील काय ?

सर्वांनीं सर्व पत्रें विकत घ्यावीं असें माझें म्हणणें नाहीं. दुष्काळी वर्षीं शंभर रुपये म्हणजे काय हें आपल्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. परंतु ज्यास शक्य आहे त्यानें एका तरी विश्वासू पत्राची वर्गणी द्यावी, मग तें कागदावरील असो वा इंटरनेटवरील. एकट्यास न झेपल्यास पांच घरांनीं मिळून द्यावी. आणि मुलांनो, तुमच्या हातीं पैसे नसले तरी एक मोल तुम्हांसहि देतां येईल. मोबाइलवर आलेली वार्ता पुढें धाडण्यापूर्वीं, ती कोणीं पाहिली व कोठें छापली आहे, एवढें विचारावें. त्यास पांच मिनिटें लागतात. बोंडगांवास जाऊन आलेल्या त्या वार्ताहराच्या श्रमांचें तेवढें देणें आपण सर्वच लागतों.