पहिला विजेता संघ गेला कुठे?

भारताची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग कोणी जिंकली? असं विचारलं, तर दहांतले नऊ जण डोळे झाकून मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचं नाव घेतील. बरोबर उत्तर आहे जेसीटी, फगवाडा. जालंधर-लुधियाना रस्त्यावरच्या गावातल्या एका कापडगिरणीचा संघ!

१९७१ साली सुरू झालेल्या या संघाला १९९५च्या सुमारास असा बहर आला, की कोलकात्याचे मातब्बर क्लबही बघत राहिले. केरळचा आय. एम. विजयन, सिक्कीमचा बायचुंग भुतिया, बंगळुरूचा कार्ल्टन चॅपमन... सगळे पंजाबात! १९९५ आणि १९९६, लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप फगवाड्याला गेला. १९९६-९७च्या पहिल्या लीगमध्ये एकट्या भुतियानं १४ गोल ठोकले आणि प्रशिक्षक सुखविंदर सिंग यांच्या संघानं विजेतेपद खेचून नेलं.

जून २०११ मध्ये जेसीटीचा संघ बंद झाला. त्या मोसमात तो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला होता, हे खरं. पण घसरलेला संघ पुन्हा वर चढू शकतो. कंपनीनं सांगितलेलं कारण वेगळंच होतं. फुटबॉल लोकांच्या नजरेत पुरेसं येत नाही, मग त्यावर खर्च कशासाठी?

मुंबईकरांना याचा अनुभव वर्षभर आधीच आला होता. १९६२ मध्ये स्थापन झालेला महिंद्रा युनायटेड, म्हणजे कुपरेजवरचे लाडके ‘जीपवाले’. गोव्याच्या डेरिक परेरांच्या हाताखाली त्यांनी २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, त्याच मोसमात फेडरेशन कपही. २०१० मध्ये तो संघ मोडला. कंपनी आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं. हेतू चांगलाच, पण ही मुलं विशीत आल्यावर खेळणार कुठे?

खरी गोम पैशात आहे. तिकीटविक्रीतून खेळाडूंचे पगार कधीच निघत नव्हते. खर्च सगळा कंपनीच्या तिजोरीतून. त्यामुळे संघ चालू ठेवायचा की नाही, हे कंपनीच्या कचेरीत ठरे. ‘आपला संघ’ म्हणून घसा फोडणाऱ्यांना कोणी विचारत नसे. राष्ट्रीय लीग ११ मोसम चालली, तिला सहा विजेते मिळाले. त्यांतले दोन असे गेले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, तेव्हा संघांना शहरांची नावं मिळाली. आता तरी संघ गावाचे होतील, असं वाटलं. पण एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, २०२१-२२ मध्ये अजिंक्यही ठरला. २०२५ मध्ये त्यालाही दिल्लीला हलवण्यात आलं.