मूलपेशी वाढवणारा हात बसतो कसा?

शिन्या यामानाका हे आज मूलपेशी संशोधनातील अग्रगण्य नाव. २०१२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांच्यासमवेत त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तरुणपणी अस्थिशल्यचिकित्सेची उमेदवारी करताना त्यांचा हात शस्त्रक्रियेत चालत नसे. साध्या शस्त्रक्रियेलाही इतका वेळ लागे, की वरिष्ठांनी त्यांच्या आडनावाची मोडतोड करून ‘जामानाका’ असे नाव पाडले. जपानी भाषेत ‘जामा’ म्हणजे अडथळा. ही हकीकत यामानाका स्वतःच मोकळेपणाने सांगतात. पुढे ते संशोधनाकडे वळले आणि त्यांनी जगाला दिलेली गोष्टही शेवटी हाताच्या कसबावरच येऊन ठेपली.

ती गोष्ट म्हणजे प्रेरित बहुक्षम मूलपेशी, अर्थात ‘आयपीएस’ पेशी. गर्भाच्या अगदी आरंभीच्या पेशींना शरीरातील कोणतीही पेशी बनण्याची क्षमता असते. पुढे त्यांतील काही त्वचेच्या होतात, काही हृदयाच्या, काही मेंदूच्या, आणि एकदा ठरलेली वाट सहसा बदलत नाही. यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ साली ही वाट उलटी चालून दाखवली. त्यांनी २४ जनुके निवडली, ती सर्व एकत्रितपणे उंदराच्या पेशींत घातली, आणि मग एकेक वगळून पाहिले. अखेर चार पुरली. ही चार जनुके प्रौढ पेशीला मागे नेऊन पुन्हा बहुक्षम करतात. २००७ साली हेच मानवी पेशींत साधले. अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटानेही त्याच सुमारास थोड्या वेगळ्या जनुकांनी ते करून दाखवले.

याचा उपयोग समजण्यास एक उदाहरण पुरे. हृदयाचा आनुवंशिक विकार असलेल्या रुग्णाच्या हृदयाचा तुकडा अभ्यासासाठी कापून घेता येत नाही. त्याचे थोडे रक्त मात्र घेता येते. त्या रक्तातील पेशींपासून आयपीएस पेशी आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी तयार केल्या, की रुग्णाचा विकार काचेच्या बशीत पाहता येतो आणि त्यावर औषधे तपासता येतात.

कृती जगजाहीर आहे. प्रमाणे, तापमाने, दिवस सारे छापलेले सापडते. तरीही एकच पान समोर ठेवून काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पेशी जगतात आणि दुसऱ्याच्या मरतात. दूध तेच, विरजण तेच; पण नव्या सुनेचे दही आणि सासूबाईंचे दही यांत फरक पडतो, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणूनच आयपीएस तंत्राचे प्रत्यक्ष प्रयोगशाळा-प्रशिक्षण अनेक देशांत दिले जाते. काही दिवसांचे वर्ग, मोजकेच विद्यार्थी, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःची बशी.

अशा वर्गाची पहिली अडचण वेळेची असते. रक्तातील पेशी मागे नेऊन त्यांचे पुंजके हाती येण्यास तीन ते चार आठवडे लागतात, वर्ग तर आठवडाभराचा. म्हणून प्रशिक्षक वेगवेगळ्या वयाच्या बशा आधीच तयार ठेवतात. सोमवारी विद्यार्थी पेशींत जनुके पोहोचवतो. त्यासाठी बहुधा सेंदाई विषाणूचे निरुपद्रवी केलेले रूप वापरतात, कारण तो पेशीच्या डीएनएमध्ये मिसळत नाही आणि पेशी वाढत गेल्या की विरळ होत नाहीसा होतो. मंगळवारी त्याच विद्यार्थ्यापुढे तीन आठवड्यांची बशी येते. तिच्यात कोट्यवधी नव्हे, मोजता येतील इतकेच पुंजके असतात, कारण हजारांतील एखादीच पेशी मागे वळते.

आता हात लागतो. चांगला पुंजका सपाट, दाट आणि रेखीव काठाचा असतो. त्यातील पेशी लहान आणि केंद्रक मोठे. बिघडू लागलेल्या पुंजक्याचा काठ विस्कटतो, मध्ये लांबट पेशी डोकावू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत पिपेटच्या टोकाने हा बिघडलेला भाग खरवडून काढायचा आणि चांगला तेवढा उचलायचा. हात थरथरला की शेजारचे दोन्ही एकमेकांत मिसळतात. पेशी चिकटाव्यात म्हणून बशीच्या तळाला जो थर देतात तो मॅट्रिजेल खोलीच्या उष्णतेत घट्ट होतो. म्हणून पिपेटची टोकेही आधी गार करून घ्यावी लागतात. हे एकदा विसरले आणि महागडा मॅट्रिजेल नळीतच गोठला, की पुन्हा कोणी विसरत नाही.

पेशी एका बशीतून दुसरीत नेतानाही मऊपणा हवा. अगदी सुट्या केल्या तर मानवी आयपीएस पेशी मरतात. जपानमधील योशिकी सासाई यांच्या गटाने २००७ साली दाखवले, की ‘वाय-२७६३२’ नावाचे रसायन घातल्यास सुट्या केलेल्या मानवी भ्रूण मूलपेशीही तग धरतात. ते आज जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेच्या शीतकपाटात असते. तरीही नवशिक्याला पेशींचे लहान लहान गठ्ठे राखून हलवण्यास शिकवतात. पिपेट जोरात दाबायची नाही, आणि किती वेळा वरखाली करायची हे मोजायचे. पोषकद्रव बहुतेक ठिकाणी रोज बदलावे लागते. रविवार असो की चतुर्थी, पेशींना सुट्टी नसते. संशोधक विद्यार्थ्यांच्या घरच्यांना हे समजावणे हाही या विषयाचा एक भाग म्हणावा लागेल.

पण प्रशिक्षणातील सर्वांत अवघड धडा वाढवण्याचा नसून टाकून देण्याचा आहे. नवशिक्याची बशी एके दिवशी नेहमीपेक्षा लवकर भरते. तो खूश होतो. अनुभवी प्रशिक्षक मात्र सावध होतो. दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींत गुणसूत्रांचे बदल होतात. विसाव्या गुणसूत्राचा एक छोटा भाग दुप्पट होणे हा त्यांतील नेहमी आढळणारा बदल. अशा पेशी इतरांपेक्षा सहज टिकतात आणि काही आठवड्यांत सारी बशी त्यांचीच होते. डोळ्यांना त्या निरोगीच दिसतात. हा भाग इतका लहान असू शकतो, की गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीतही निसटतो. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीवाणूही असाच. त्याने पोषकद्रव गढूळ होत नाही, पण महिन्यांचे निष्कर्ष वाया जातात. म्हणूनच मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली प्रयोगशाळांसाठी मानके जाहीर केली आणि अशा तपासण्यांवर भर दिला.

याची किंमत काय असते, हे जपानमध्ये कोबे येथे दिसले. २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने दृष्टिपटल झिजलेल्या, सत्तरीतील एका महिलेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला पातळ थर बसवला. माणसावरचा हा असा पहिला प्रयोग. वर्षभराने थर शाबूत होता. दृष्टी सुधारली नव्हती, पण बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या. तपासणीत त्यांत जनुकीय बदल आढळले आणि ते प्रत्यारोपण झाले नाही. इतक्या महिन्यांचे काम बाजूला ठेवण्याचा हा निर्णय तपासणी झाली म्हणूनच घेता आला.

आपल्याकडे हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही पोहोचला आहे. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत अनेक आजारांवर ‘मूलपेशी उपचार’ करून देण्याच्या जाहिराती वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांत सहसा आयपीएस नव्हे, तर अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतील पेशी वापरल्याचा दावा असतो. पण विचारायचे प्रश्न तेच. पेशी कोणी वाढवल्या? गुणसूत्रे तपासली का? संसर्गाची चाचणी केव्हा झाली? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांवरील प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर मंजूर चाचणीतच करता येतो. आयपीएस पेशी बनवण्यासाठी रक्त देणाऱ्याचीही समजून दिलेली संमती आवश्यक असते.

गोव्यातून, बेळगावातून जीवतंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम पाहायचे तर दूर जावे लागते, फार दूर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारे भांडार आहे. बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत आणि वेल्लोरच्या मूलपेशी संशोधन केंद्रात आयपीएस पेशींवर काम चालते. अर्ज करताना गुणपत्रिकेसोबत एखाद्या प्रयोगशाळेत साध्या पेशी वाढवल्याचा अनुभव असला, तर तो उपयोगी पडतो.

अशा वर्गाच्या शेवटच्या दिवशी पेशी गोठवण्यास शिकवतात. तापमान मिनिटाला सुमारे एक अंशाने उतरवत उणे ८० पर्यंत न्यायचे आणि मग कुप्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या. त्यांतील एक मुद्दाम काही दिवसांनी बाहेर काढतात, कोमट पाण्यात बर्फाचा शेवटचा कण उरेपर्यंत फिरवतात आणि नव्या बशीत ओततात. दुसऱ्या दिवशी पेशी तळाला चिकटलेल्या दिसल्या, तरच उरलेल्या कुप्यांची नोंद भांडारात होते.