टाकीसाठी झिजणारी कांडी

दिवाळीची अंघोळ झाली की गिझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात आणि संक्रांत उलटेपर्यंत थांबत नाहीत. उन्हाळाभर बंद असलेलं यंत्र पहिल्या गारठ्यात चालू होतं आणि त्याची सगळी दुखणी एकदमच बाहेर येतात. संपादकांना गिझर आणि विजेचं बिल यावर लेख हवा होता. त्यासाठी पुण्याच्या पूर्वेला, टँकर आणि बोअरच्या पाण्यावर तगून असलेल्या एका उपनगरात मी दुरुस्तीचं एक दुकान गाठलं. बिलाचा हिशेब सोपा आहे: पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते आणि २,००० वॉटच्या कॉइलला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं पुरतात. पण तिथल्या मिस्त्रींनी एका उघड्या टाकीतून खडबडीत, वेडीवाकडी तार ओढून काढली आणि ही नवी असताना बोटाएवढी जाड होती असं सांगितलं, तेव्हा बिलाचा विषय मागे पडला.

मिस्त्री तिला रॉड म्हणतात. मॅग्नेशियमची अशी कांडी बहुतेक काच-लेपाच्या टाक्यांत असते, आणि ज्यांच्या घरी गिझर आहे त्यांतल्या फार थोड्यांना ती ठाऊक असते.

मराठी घरांत अंघोळीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या बंबानं तापवलं. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेलं असं भांडं तीन पिढ्या सहज टिकायचं, कारण तांबं लोखंडासारखं गंजत नाही आणि आतल्या पाण्यावर दाब नसतो. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन वॅडी मॉघन यानं गॅसच्या ज्योतीवर पाणी तापवणारं यंत्र केलं. त्याला जळालेला वायू बाहेर नेणारी चिमणी नव्हती. त्या उणिवेकडे पुढे परत यावं लागणार आहे. मूळचा नॉर्वेचा एडविन रूड यानं १८८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला आपोआप चालणारा साठवणीचा हीटर आणला. १९३६ मध्ये ए. ओ. स्मिथ कंपनीनं पोलादाला काचेचा लेप देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जुन्या गिझरांत तांब्याच्या टाक्या असत. आता बहुतेक टाक्या लेप दिलेल्या पोलादाच्या असतात, काही स्टेनलेस स्टीलच्या.

हा लेप म्हणजे पोलादावर ८०० अंशांच्या वर भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा थर. काच गंजत नाही. पण टाकीला सांधे असतात, कॉइल आणि पाइप आत घ्यायला भोकं असतात, आणि लेपात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. गरम पाण्याला तेवढी वाट पुरते. मग त्याच पाण्यात मॅग्नेशियमची कांडी ठेवतात. एका पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडून ठेवले तर ज्याचे इलेक्ट्रॉन सहज सुटतात तो आधी झिजतो. लोखंडाचं प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट आहे, मॅग्नेशियमचं उणे २.३७. एवढ्या फरकापुढे लोखंडाला झिजायची पाळीच येत नाही. कांडी आहे तोवर टाकी शाबूत. कांडी संपली की गंज टाकीला धरतो.

ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात खराब होत. हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये त्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे छोटे तुकडे जोडून दाखवले. तांबं वाचलं, पण ते विरघळेनासं झाल्यावर जहाजांच्या तळांवर शिंपले आणि शेवाळ माजलं, जहाजं मंदावली, आणि नौदलानं तो उपाय सोडून दिला. गिझरच्या कांडीचंही असं एक उलटं अंग आहे. बोअरच्या काही पाण्यांत गंधकावर जगणारे जिवाणू असतात. मॅग्नेशियमशी गाठ पडली की त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. वैतागून लोक कांडीच काढून टाकायला सांगतात आणि मग टाकी उघडी पडते. मिस्त्री अशा घरी मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवतात.

काढलेल्या कांड्या ते फेकत नाहीत. एका पत्र्याच्या ट्रेमध्ये त्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर सोसायटी, पाणी कुठलं आणि कांडी किती वर्षं चालली. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यातली कांडी चार वर्षांनंतरही बरीच शिल्लक दिसते. बोअरच्या पाण्यातल्या कित्येक दोन वर्षांत नुसत्या तारेवर आल्या आहेत. सॉफ्टनर लावलेल्या घरांतल्याही लवकर संपलेल्या आहेत: खार कमी झाला, पण सोडियमचं पाणी वीज चांगली वाहून नेतं. मला तो ट्रे अख्ख्या उपनगराच्या पाण्याची नोंदवही वाटला. इतक्या चिकाटीनं ठेवलेल्या नोंदी मी मोठ्या कार्यालयांतही क्वचित पाहिल्या आहेत.

गिऱ्हाईक येतं ते कॉइल उडाली म्हणून. मिस्त्री आधी मल्टिमीटर लावतात. दोन हजार वॉटच्या धडधाकट कॉइलचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबानं २६ ओहमच्या आसपास यायला हवा. मग सिरीज लॅम्पचं एक टोक कॉइलला, दुसरं धातूच्या अंगाला. दिवा लागला तर कॉइल आतून फुटली आहे. तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते आणि तिच्या मधोमध नायक्रोमची तार. नळीला चीर गेली की पाणी पुडीत शिरतं आणि वीज थेट पाण्याशी बोलू लागते.

चीर जाते ती खारामुळे. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे: पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर, बसतं. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कॉइल आतल्या आत भाजते. हा थर काही जण हातोडीनं ठोकून काढतात, आणि त्यातच नळी चिरते. मिस्त्री ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि वाट पाहतात.

त्यांना राग येतो तो एकाच गोष्टीचा: सेफ्टी व्हॉल्व बुचानं बंद करण्याचा. पाणी २५ अंशांवरून ७५ वर गेलं की सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. पंधरा लिटरच्या टाकीत हे वाढलेलं पाणी लिटरच्या एक-तृतीयांशाएवढं होतं. मागे परतायची वाट बंद असते, म्हणून ते व्हॉल्वमधून ठिबकतं. लोकांना ती गळती वाटते आणि प्लंबरकडून बूच मारून घेतलं जातं. त्यानंतर थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउटनंही दगा दिला तर वाढत्या दाबाला बाहेर पडायला व्हॉल्वची वाट उरत नाही.

हे सगळं ज्ञान असूनही मिस्त्रींच्या हातून आता कमी गिझर वाचतात. प्रत्येक कंपनीच्या बोल्टांची संख्या वेगळी, गॅस्केटचा घेर वेगळा, कांडीचे आटे वेगळे. जुनं मॉडेल बंद झालं की त्याची कांडी मिळेनाशी होते आणि चांगली टाकी केवळ तेवढ्यासाठी भंगारात जाते. तांब्याची टाकी गळली तर झाळून घेता येत असे. काच-लेपाच्या टाकीला झाळलं की भोवतीचा लेप तडकतो, म्हणून गळली की ती संपली. वर फोमचा जाड थर आणि प्लास्टिकचं कवच असल्यानं गळती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

स्टार लेबलबद्दल मला मनापासून तक्रार आहे. भरलेली टाकी चोवीस तासांत किती वीज वाया घालवते, हे त्या ताऱ्यांवरून कळतं, आणि ते उपयोगाचं आहे. पण टाकी किती वर्षं टिकेल, कांडी बदलता येते का, तिचे आटे कुठले, यातलं काहीच त्यावर नसतं. कांडीचा उल्लेख माहितीपुस्तिकेत आतल्या पानावर असतो आणि ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. पाच तारे मिळवलेला गिझर चार वर्षांत भंगारात गेला तर वाचवलेल्या विजेचा हिशेब कुणी मांडायचा?

दुकानात शिकायला पोरं येत नाहीत. मोसमी काम, ओल्या न्हाणीघरात शिडीवर उभं राहून करायचं, आणि कंपनीचा माणूस नवा गिझर विकून मोकळा होतो. मिस्त्रींचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. ट्रेमधल्या चिठ्ठ्या पुढे कोण वाचणार, हे मी विचारलं नाही.

आणि मॉघनच्या यंत्राची ती चिमणी नसण्याची उणीव अजून संपलेली नाही. न्हाणीघराच्या आत बसवलेल्या गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात आजही थंडीत वाचाव्या लागतात. दार-खिडकी बंद असली की प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मिस्त्री न्हाणीघराच्या आत गॅस गिझर बसवून देत नाहीत. गिऱ्हाईक दुसऱ्याकडून बसवून घेतं, हे माहीत असूनही देत नाहीत.

तुमचा गॅस गिझर आत असेल तर तो आजच बंद करा आणि मोकळ्या हवेत, बाहेर बसवून घ्या. विजेचा असेल तर थंडी सरण्याआधी मिस्त्रीला बोलवा. वीज बंद करून कांडी बाहेर काढायला सांगा आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. निम्म्याहून कमी उरली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, ठिबकणाऱ्या व्हॉल्वला बूच मारू देऊ नका, आणि कांडी बदलल्याची तारीख गिझरच्या अंगावर मार्करनं लिहून ठेवा. नव्या गिझरच्या किमतीपुढे कांडीची किंमत अगदी किरकोळ आहे.