रुग्णालयातील अपघात आणि नुकसानभरपाईचा हक्क

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, आणि शहरातील खासगी व धर्मादाय रुग्णालयांत जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून, तसेच कोकणातूनही रुग्ण येतात. बहुतेक जण बरे होऊन घरी परततात. परंतु बरे होण्यासाठी गेलेल्या माणसास तेथेच इजा झाली तर काय? चुकीच्या गटाचे रक्त चढविले जाणे, बेशुद्धावस्थेतील रुग्ण खाटेवरून पडणे, शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहून जाणे, असे प्रसंग घडतात. अशा वेळी आपली गोरगरीब माणसे नशिबाला बोल लावून गप्प बसतात. ‘सरकारी दवाखान्याकडे कोण भरपाई मागणार?’ हा प्रश्न तर आम्ही वारंवार ऐकतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका खटल्याने दिले आहे.

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात एका महिलेची प्रसूती झाली आणि तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिला तीव्र ताप व वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हा उघडले असता आत टॉवेल राहिल्याचे आढळले. त्याच महिन्यात ती मरण पावली. तिच्या कुटुंबीयांनी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य असून तो राज्याचा सार्वभौम अधिकार नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नेमकी चूक कोणत्या कर्मचाऱ्याची हे सिद्ध झाले नाही, तरीही मालक या नात्याने शासन जबाबदार राहते, हाही त्या निकालाचा मोलाचा भाग होय.

दाद कोठे मागावी, हे उपचार कोठे घेतले यावर अवलंबून असते. पैसे घेऊन उपचार करणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. काही रुग्णांकडून शुल्क घेऊन इतरांवर मोफत उपचार करणाऱ्या धर्मादाय रुग्णालयातील गरीब रुग्णही त्या निकालानुसार ‘ग्राहक’च ठरतो. विमा कंपनीने बिल भरले असले, तरी हक्क जात नाही. मात्र जेथे सर्वांनाच पूर्णपणे मोफत सेवा मिळते, तेथे ग्राहक कायदा लागू होत नाही. अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा करावा लागतो, आणि सर्वसाधारणपणे त्याआधी शासनास दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. उपचारांसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे दाखल होते, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. दुःखातून सावरता सावरता हा काळ निघून जातो, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उपचारांना यश आले नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे नव्हे. त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याच्या डॉक्टराने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, हे दाखवावे लागते. डॉक्टरांना शिक्षा होणे आणि रुग्णाला भरपाई मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. भरपाईसाठी तितकी कठोर कसोटी नाही. म्हणूनच मारहाण वा तोडफोड करून काहीही साधत नाही. उलट आपलाच न्याय्य दावा दुबळा होतो.

दाव्याचा खरा आधार म्हणजे कागदपत्रे. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. त्याच नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. औषधांच्या पावत्याही टाकू नयेत. शक्य झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे.

वकिलांचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, बालके, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असल्याने वरच्या न्यायालयातील कामासाठी मुंबईची वारीही वाचली आहे.

औरंगाबादच्या त्या कुटुंबाला अंतिम न्यायासाठी सुमारे ३३ वर्षे थांबावे लागले. गेलेली आई त्यांना परत मिळाली नाही. परंतु त्यांच्या चिकाटीमुळे पुढील असंख्य रुग्णांचा मार्ग मोकळा झाला. आपल्या शेजारी, नात्यात वा ओळखीत कोणावर असा प्रसंग ओढवला, तर सांत्वनासोबत ही माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.